कलर मोठा की सिक्वेन्स

त्या दिवाळीला माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला तेव्हा त्याने परतीची तिकिटं दोन काढलेली होती. एक स्वतःचं, एक बाबांचं. मी बाबांच्या दारात रांगोळी घालत होते. बूट काढता काढताच त्याने मला हे सांगितलं आणि वर म्हणाला, "ताई, रद्द करता येतं गं. आधी बघू बाबा कसे आहेत."

बघू म्हणजे परीक्षा. तीन दिवसांची, आणि परीक्षक हा एकटा. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं की, अरे, वीस वर्षांत तू इथे किती वेळा आलास ते आधी सांग. पण सणाचा दिवस होता. मी रांगोळीचा डबा बंद केला आणि चहा टाकायला आत गेले.

बाबा आमच्या हिंदीभाषक शहरातल्या बुढापारा या जुन्या वस्तीत एकटे राहायचे. दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीतून बुढा तलावाची एक पट्टी दिसते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाबा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. निवृत्त होऊन जमाना झाला तरी पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय ते साधी किराण्याची यादीसुद्धा लिहायचे नाहीत. सकाळी तलावाभोवती एक चक्कर, मग पेपर, मग स्वतःच्या हातचा वरण-भात. हे घर सोडायला लावू नका, एवढी एकच गोष्ट त्यांनी आम्हा दोघांकडे मागितली होती. भावाचा चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी एकदा पाहिला होता. आल्यावर मला म्हणाले, "खाली पाहिलं की मले गरगरते, आन् समोर पाहिलं तर दुसऱ्याची खिडकी. माणसानं पाहावं कुठं?"

उन्हाळ्यात त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि फिरायला निघून गेले. पातेलं जळून कोळसा झालं, घरभर धूर. शेजारच्या काकूंनी फोन केला तो मला नाही, पुण्याला. मी त्याच शहरात, गुढियारीत राहते, स्कूटरने वीस मिनिटं लागतात, आणि माझ्या बापाच्या घरातला धूर मला पुण्याहून कळला. तेव्हापासून भावाने धोशा लावला होता, बाबांना इकडे घेऊन येतो.

दुसरी गोष्ट त्याला माहीत नव्हती. जूनमध्ये एका दुपारी सदर बाजारातल्या ओळखीच्या कापडाच्या दुकानातून मला ऑफिसात फोन आला. "दीदी, बाबूजी यहीं बैठे हैं. आप आ जाइए." मी गेले. बाबा गादीवर बसले होते, समोर पाण्याचा ग्लास होता, आणि चेहऱ्यावर हसू होतं, पण ते हसू त्यांचं नव्हतं. दुकानदार मला बाजूला घेऊन म्हणाला की ते तासभर चौकात उभे होते, कोणत्या गल्लीत वळायचं ते त्यांना आठवत नव्हतं. ज्या सदर बाजारातून ते पन्नास वर्षं चालत होते, त्या सदर बाजारात.

डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढायला लावले, गोळ्या दिल्या. विसरण्याची ही सुरुवात आहे, म्हणाले, पुढे किती आणि कधी ते सांगता येत नाही. मग मला म्हणाले, "यांना रोज काहीतरी नवं शिकवा. जे येतं ते नको, जे येत नाही ते शिकवा."

परत येताना स्कूटरवर मागून बाबा म्हणाले, "त्याले सांगशील?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्हीपण नाही सांगायचं. डॉक्टरचं नाही, बाजाराचं नाही. शब्द द्या."

"हव," ते म्हणाले. "दिला."

आता नवं काय शिकवायचं? शब्दकोडी त्यांना भिकार वाटत. हार्मोनियमचं नाव काढलं तर म्हणाले, शेजाऱ्यांनी काय घोडं मारलं आहे. पत्ते मात्र त्यांचा जीव होता. पण तीन पत्ती त्यांना झोपेतही येत होती, म्हणजे ती उपयोगाची नाही. तेव्हा मी ठरवलं, पोकर. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. डबा खाताना मोबाईलवर व्हिडिओ बघून मी दुपारी शिकायची आणि संध्याकाळी बुढापाऱ्यात जाऊन बाबांना शिकवायची. सरकारी ऑफिसातली पन्नाशीची बाई मान खाली घालून पोकर बघते आहे, हे आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायकांना कळलं असतं तर माझी काही धडगत नव्हती.

पाच पानं, आणि कोणता हात, म्हणजे पाच पानांचा कोणता संच, कोणाच्या वर याचे दहा दर्जे. बाबांनी पहिल्याच दिवशी ती इंग्रजी नावं झटकून टाकली आणि आपली ठेवली. सगळ्यात वर राजेशाही कलर, म्हणजे एकाच रंगाची दश्शीपासून एक्क्यापर्यंत पाच पानं. मग सलग कलर. मग चार सारख्या पानांची चौकडी. मग तीन सारखी आणि दोन सारखी, असं भरलं घर. "भरलं घर चौथ्या नंबरावर?" ते म्हणाले. "तुझ्या आईले पटलं नसतं." इथपर्यंत गाडी बरी चालली. पाचव्या पायरीवर मात्र ती रुतली. पोकरमध्ये कलर हा सिक्वेन्सच्या वर असतो. एकाच रंगाची पानं मोठी, ओळीने लागलेली पानं लहान. आणि तीन पत्तीत याच्या बरोबर उलटं.

"काहून?" बाबांनी विचारलं.

"नियम आहे."

"नियमाले कारण असते. काहून?"

मला उत्तर येत नव्हतं आणि दिवसभर ऑफिसात डोकं पिकवून आल्यावर मला ते शोधायचंही नव्हतं. मी म्हटलं, तसंच पाठ करा. ते पाठ होईना. रोज विचारलं की रोज सिक्वेन्स वर. साठ वर्षांची सवय. मी चिडायची, मोठ्याने बोलायची, एकदा तर पत्ते टाकून निघूनही आले. सदर बाजारातल्या गर्दीत स्कूटर रेटताना मला माझीच लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी गेले तर बाबा कागद पसरून बसलेले. सगळा आकड्यांनी भरलेला. मला खुर्चीत बसवून त्यांनी समजावलं की जे कमी वेळा लागतं ते मोठं, बस, एवढाच नियम आहे. हातात तीनच पानं असली तर सिक्वेन्स क्वचित लागते, कलर त्यामानाने जास्त. पानं पाच झाली की ते उलटतं, पाचही एका रंगाची यायला फार नशीब लागतं. "म्हणून उलटं. खेळ बदलला की मान बदलते, त्यात पानाचा काही दोष नाही." मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि नकाशावर लिहायचे तशा अक्षरांत दहाही दर्जे एकाखाली एक लिहिले. मी तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्यानंतर कलर आणि सिक्वेन्समध्ये ते कधी चुकले नाहीत. खालचे दोन-तीन दर्जे अधूनमधून निसटायचे, पण पाचवा आणि सहावा पक्का झाला होता. मला इतका आनंद झाला होता की त्या रात्री मी नवऱ्याला जेवताना अर्धा तास हेच सांगत बसले.

चार महिने असे गेले. भाऊ यायच्या आदल्या दिवशी मी तो कागद काढला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "शब्द ध्यानात आहे ना?" मी विचारलं.

बाबा वैतागले. "किती वेळा विचारशील? आहे ध्यानात."

दोन दिवस ठीक गेले. बाबांनी भावाला त्याच्या पुणेरी बोलण्यावरून चिडवलं. "मला-तुला करून राहिला, मोठा साहेब." गॅस प्रत्येक वेळी त्यांनी बंद केला आणि बंद केल्यावर भावाकडे बघून हातही झटकले. तिसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळणं झालं, जेवणं झाली, आणि दुपारी आम्ही तिघं पत्त्यांना बसलो. आमच्याकडे भाऊबीजेला तीन पत्ती होतेच. पैशांनी नाही, चिंचोक्यांनी. आईने जमवलेली चिंचोक्यांची बरणी अजून तीच आहे.

आमच्या घरात एक रीत होती. पानं वाटण्याआधी बाबा क्रम मोठ्याने म्हणायचे. तिकडी, पक्की सिक्वेन्स, सिक्वेन्स, कलर, जोडी, आणि मग एकटं पान. नागपूरच्या पाहुण्यांचे नियम थोडे वेगळे असायचे, आणि एका दिवाळीला एक्का-दुर्री-तिर्री मोठी की एक्का-राजा-राणी, यावरून मावशीचे यजमान भरल्या ताटावरून उठून गेले होते. तेव्हापासून ज्याचं घर त्याने आधी क्रम सांगायचा आणि सगळ्यांनी मान डोलवायची. त्या दिवशी भावाने पत्ते पिसले आणि सरळ वाटले. त्याच्या ते लक्षातच नव्हतं. माझ्याही लक्षात आलं नाही.

पाच-सहा डाव झाले. मग एका डावात मी लवकरच पानं टाकली आणि बाबा व भाऊ चाल करत राहिले. मध्ये चिंचोक्यांचा ढीग झाला. भावाने शो मागितला. त्याची सत्ती, अठ्ठी, नव्वी, तीन वेगळ्या रंगांची. बाबांनी आपली पानं मांडली. राजा, छक्की, दुर्री, तिन्ही बदाम.

"कलर," बाबा म्हणाले, आणि दोन्ही हातांनी ढीग स्वतःकडे ओढला.

"बाबा, माझी सिक्वेन्स आहे."

"हो, पाहिली ना. कलर मोठा."

 भावाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कुत्सितपणा असता तर मी भांडले असते, पण तिथे फक्त दुःख होतं. त्याला हेच पत्ते बाबांनी शिकवले होते. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, क्रम सांगा ना. तुम्हीच सांगायचे दर वर्षी."

बाबांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर पानांवर गेली. तीन त्यांची, तीन भावाची. ती तीन पानं त्यांनी मोजली हे मला दिसलं, आणि कुठे चुकलं हे त्यांना कळलं तेही मला दिसलं. खेळ कोणता चालला आहे ते एका क्षणापुरतं सुटलं होतं, एवढंच. एका वाक्यात सांगता आलं असतं, मी पोकर शिकून राहिलो, त्यात कलर मोठा. पण मग पोकर कायले, हे आलं. मग डॉक्टर, मग सदर बाजार.

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पर्स माझ्या मांडीवर होती. माझा हात पर्सच्या चेनवर गेला. कागद आत होता. तो काढायचा, सगळं सांगायचं, भाऊ चिडेल तर चिडेल, पण एवढं तरी त्याला कळेल की या माणसाने या वयात चार दिवस आकडेमोड करून एक नवी गोष्ट डोक्यात बसवली आहे. मला हे सगळं सुचलं. आणि त्याच क्षणी दुसरंही सुचलं. की परवा बाबा गेले, तर सोमवारी मी ऑफिसातून सरळ घरी जाईन. चार महिन्यांत मी एकदाही दिवसाउजेडी घरी पोचले नव्हते. फोन वाजला की दचकायचं, अनोळखी नंबर असला की हातातलं काम टाकून उठायचं, हे सगळं पुण्याला जाईल. मी थकले होते. हात चेनवर होता आणि मी तो तिथेच ठेवला.

बाबा थांबले.  मग त्यांनी ढीग दोन्ही हातांनी भावाकडे लोटला.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "घे. तुझं आहे."

"असू दे बाबा," भाऊ म्हणाला, लहान मुलाशी बोलतात त्या आवाजात. मग थोड्या वेळाने, "परवा सकाळची गाडी आहे. कपडे थोडेच घ्या, तिकडे सगळं घेऊ."

"बरं," बाबा म्हणाले.

भाऊ फोन घेऊन गच्चीवर गेला. वरून आवाज येत होता, हो, ठरलं, येतायत. बाबांनी आतून बॅग आणली, पलंगावर उघडली आणि दोन सदरे त्यात ठेवले. मी दारात उभी होते. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पोट्टी, तो कागद दे मले. वरचे पाठ आहेत, खालचे पक्के व्हायचे आहेत. तिथं कोणी विचारणारं राहणार नाही, आपलंच आपण पाहावं लागन."

शब्द त्यांनीच पाळला होता. सगळे ज्याला विसराळू म्हणत होते त्याला जूनमध्ये स्कूटरवर दिलेला शब्द आठवत होता, आणि तो पाळण्यासाठी त्यांनी घर सोडून दिलं होतं. आणि मी? मला सगळं आठवत होतं आणि मी गप्प बसले होते.

मी जिना चढून गच्चीवर गेले आणि भावाला हातातला फोन बंद करायला लावला. कागद त्याच्या पुढे धरला. दुधापासून दुकानापर्यंत, डॉक्टरांपासून पाचव्या पायरीपर्यंत सगळं सांगितलं. तो आधी ओरडला. "चार महिने? आणि तू मला कळवलं नाहीस? मी कोण आहे इथे?" मीही ओरडले. शेजारच्या काकू कपडे काढायला म्हणून वर आल्या आणि कपडे नसलेल्या दोरीपाशी उभ्या राहिल्या. रडायला आलं तेव्हा आम्ही दोघंही थांबलो.

खाली आलो तर बाबा बॅग बंद करून तिच्याशेजारी बसले होते. भावाने कागद त्यांच्यापुढे ठेवला. शब्द मोडला मी, त्यांनी नाही, हे त्यांना लगेच कळलं.

"डॉक्टर बोलले होते तेच ना हे?" भावाने विचारलं. "मला शिकवा."

बाबांनी पत्ते पिसले. या वेळी वाटण्याआधी त्यांनी क्रम म्हटला. राजेशाही कलर, सलग कलर, चौकडी, भरलं घर, कलर, सिक्वेन्स. मग तिकडी. मग दोन जोड्या. तिथे अडले. भाऊ कागदाकडे बघत होता, त्याला पुढचं दिसत होतं, आणि त्याचे ओठ हलायला लागले होते. मी त्याचा हात दाबला. 

"एक जोडी," बाबा म्हणाले. "आन् मग एकटं पान."

सहा वाजेपर्यंत खेळलो. भाऊ प्रत्येक डावाला कागदात बघत होता. बाबांनी एकदाही बघितलं नाही. उठताना भाऊ म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय करायचं आहे?" हे त्याने तीन दिवसांत पहिल्यांदाच विचारलं होतं.

"पानं वाटायच्या आधी विचारावं लागते हे," बाबा म्हणाले. "मले इथंच राहायचं आहे. जितकं जमन तितकं."

तो एकटा गेला. जायच्या आधी आपोआप बंद होणारा गॅस बसवला, काकूंना माझा नंबर दिला, आणि दर रविवारी फोनवर बाबांकडून क्रम ऐकायचं कबूल केलं. ते त्याने आजवर चुकवलेलं नाही, हे मला मान्य केलंच पाहिजे.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. बाबा अजून बुढापाऱ्यातच आहेत. संध्याकाळी मी असते, दिवसा एक बाई येते. कागद पुन्हा कपाटाच्या दाराला आहे, पण त्याचा उपयोग कमी कमी होत चालला आहे. बाबांच्या डोक्यातलं चौकडीच्या खालचं सगळं पुसट झालं आहे. कलर मोठा की सिक्वेन्स, हे विचारलं तर ते माझ्याकडे बघून हसतात. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, तुझी आई अजून आली नाही का देवळातून.

त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. माझा हात किती वेळ चेनवर होता ते फक्त मला माहीत आहे, असं मी धरून चालले होते. बाकी सगळं विसरतायत, तर तेही विसरले असतील. खरं सांगायचं तर विसरावं अशी मला आशा होती. ज्या देवाला मी यांची आठवण राहू दे म्हणून नवस बोलले होते, त्याच देवाला मी हेही सांगितलं होतं.

काल पत्ते वाटून झाले आणि चष्मा काढायला मी पर्स मांडीवर घेतली. चेन अडकली. मी ओढत होते. बाबांनी पानांतून मान वर केली आणि माझ्या हाताकडे बघत राहिले.

"काढ, काढ," ते म्हणाले. "या वेळी लवकर काढ."